हॉलमधून बाहेर कुणी जायचं?

२०२३ चा मे महिना. दिल्लीत जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली महिनाभर बसून होत्या आणि २८ तारखेला पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढत गाड्यांत घातलं. त्याच आठवड्यात अंधेरीला आमच्या गटाची बैठक होती. निषेधाचं पत्रक तयार झालं, सह्या झाल्या, चहा झाला. निघताना चपला शोधता शोधता एकजण म्हणाली, "म्हणून तर मी माझ्या पोरीला जिम्नॅस्टिक्समधून काढून घेतलं. नकोच ती भानगड." दोघी-तिघींनी मान हलवली. मीसुद्धा हलवली.

ती हललेली मान मला तेव्हापासून छळते आहे, म्हणून हे लिहिते आहे. रात्रपाळीला मुलींवर अत्याचार झाला म्हणून कुणी "बायकांनी नोकऱ्या सोडाव्यात" असं म्हटलं, तर आपण त्याला सोडू का? लोकलमध्ये छेडछाड होते म्हणून आपण प्रवास सोडला नाही, भांडून डबे मागितले. मग मैदानाची गोष्ट आली की आपण, चळवळीतल्या बायकाच, एवढ्या सहज मुलीला घरी का आणतो?

मी बारा वर्षं ॲक्रोबॅटिक्स केलं. सातव्या वर्षी सुरुवात, एकोणिसाव्या वर्षी शेवट. हा खेळ पुष्कळजणींनी पाहिलेला नसेल, म्हणून थोडं सांगते. टीव्हीवर दीपा कर्माकर उडी मारायची तो घोडा इथे नाही, बार नाहीत, बीम नाही. बारा मीटर लांब आणि तेवढाच रुंद फ्लोअर, संगीत, आणि साधन म्हणून दुसऱ्या मुलीचं अंग. मुलींची जोडी असते किंवा तिघींचा गट. सर्वांत खाली बेस, तिघी असतील तर मध्ये मिडल आणि वर टॉप. बॅलन्सच्या सेटमध्ये बेसच्या हातांवर टॉप हॅन्डस्टँड करते आणि तीन सेकंद तशीच थांबते. तीन सेकंद म्हणजे किती, ते ज्यांच्या मनगटावर कुणी उभं राहिलंय त्यांनाच ठाऊक. डायनॅमिकच्या सेटमध्ये आम्ही तिला वर फेकायचं, तिने हवेत गिरकी घ्यायची आणि आम्ही झेलायचं. दोन-अडीच मिनिटांचा कारभार. काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे, कलेचे वेगळे. १९९९ पासून हा प्रकार आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाकडे आहे, पण ऑलिंपिकमध्ये तो नाही. या 'नाही'मुळे पुढे काय काय होतं ते सांगतेच.

मी बेस. हाडापेराने मोठी होते, म्हणून आठव्या वर्षीच ठरलं की ही खाली. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात, आई घरी डबे करायची. उपनगरातल्या एका शाळेचा हॉल संध्याकाळी भाड्याने घेऊन वर्ग चालायचा. मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आमची जिल्हा निवड वेगळी, संघ वेगळा. राज्य स्पर्धेला छातीवर 'मुंबई उपनगर' लावून जाताना केवढं वाटायचं! घाटकोपरची चाळ, मुलुंडची कॉलनी, बोरिवलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक, अशा घरांतल्या आम्ही मुली. खांद्याला बॅग, केसांचा घट्ट अंबाडा, बायकांच्या डब्यात उभ्याने गृहपाठ.

माझ्या आजीला हे अजिबात पसंत नव्हतं. "डोंबारणीसारख्या उड्या काय मारतेस?" म्हणायची. तिच्या या शब्दात जात होती, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याआधी शतकानुशतकं या महाराष्ट्रात कसरत करत होत्या त्या डोंबारी आणि कोल्हाटी समाजाच्या पोरी. ढोलकीवर बाप, दोरीवर पोर, भोवती गाव. गावाने पैसे फेकले आणि त्या पोरींना नावंही ठेवली. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस काढली, तिथून पुढे तंबूतल्या मुलींचंही तेच झालं. आमच्या हॉलमध्ये आलो तेव्हा त्याच कसरतीला प्रमाणपत्र मिळायला लागलं, मग मध्यमवर्गाच्या मुली आल्या. चांगलंच झालं. पण आमच्या आधीच्या त्या मुलींचं नाव कुठल्या पदकसमारंभात कधी ऐकलं नाही.

कायद्याची गंमत पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी घालण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा सुधारला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावता येणार नाही असं त्यात म्हटलं, मग अपवाद केले. एक घरच्या धंद्याचा, दुसरा करमणूक आणि खेळातल्या बालकलाकारांचा. आणि त्या अपवादाच्या पोटात शब्द घातले : 'सर्कस वगळून'. दहीहंडीच्या थरांवर मुलं चढवण्यावरून उच्च न्यायालयात तीन-चार वर्षं वाद चालला. २०१४ मध्ये अठराच्या आतल्यांना मनाई झाली, प्रकरण वर जाऊन परत आलं, २०१७ मध्ये चौदा वर्षांची अट ठरली. म्हणजे नऊ वर्षांची पोर तंबूत दुसरीच्या खांद्यावर उभी राहिली तर गुन्हा, हंडीखाली उभी राहिली तर अवमान, आणि हॉलमधल्या मॅटवर उभी राहिली तर टाळ्या. मॅटवरच्या मुलींवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. तंबूबद्दल आणि हंडीबद्दल निदान प्रश्न विचारले गेले. हॉलबद्दल कुणी विचारलेच नाहीत.

आता माझ्या टॉपबद्दल.

ती माझ्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती, मी चौदाची. पोर वाऱ्यासारखी हलकी आणि भलतीच धीट. पहिल्याच आठवड्यात माझ्या तळहातांवर उलटी उभी राहिली आणि वरून म्हणाली, "ताई, तुझा भांग वाकडा आहे." अडीच वर्षं आम्ही एकत्र खेळलो. कुठल्याही नात्यात मी एखाद्या माणसाला इतक्या अचूक ओळखलं नाही. तिच्या पोटऱ्या घट्ट झाल्या की मला खाली कळायचं की ही आता डावीकडे जाणार. ती घाबरली तर श्वास बदलायचा, तोही मला कळायचा.

आणि तरी मी तिच्याशी काय काय केलं, तेही लिहायला हवं. दर सोमवारी वजनकाटा निघायचा. सगळ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचला जायचा. बेसच्या आकड्याला कुणी काही म्हणायचं नाही. टॉपचा आकडा अर्ध्या किलोने वाढला की सर आमच्याकडे बघायचे, "उचलायचं तुम्हाला आहे." झालं! मग पोरींवर पहारा करायचं काम आमचं. "दुपारी काय खाल्लंस गं? वडापाव? खरं सांग." माझ्या आईने दिलेला डबा मी तिच्यासमोर खायचे, आणि ती पाणी पिऊन बसायची. एकदा तिच्या बॅगेत चोरून ठेवलेली शंकरपाळी सापडली ती मी सरांना दाखवली. सोळा वर्षांची होते. मला वाटत होतं मी संघासाठी करतेय. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरली तेव्हा सगळा देश हळहळला. मला ती शंकरपाळी आठवली.

पाळीचंही तसंच. टॉपला पाळी येणं म्हणजे तिची कारकीर्द संपत आल्याची सूचना. आई-बाप काळजीत पडायचे ते पाळी आली म्हणून, उशीर झाला म्हणून नव्हे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, अजून पाळी नाही, आणि कुणी डॉक्टरकडे नेत नाही, उलट सगळे खूश! आपण बायकांच्या आरोग्याची इतकी शिबिरं घेतली. त्यातलं एक तरी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये घेतलं का?

२००२ मधली गोष्ट. सपोर्ट द्यायला एक मदतनीस होता. सपोर्ट म्हणजे नवी उडी शिकताना पडू नये म्हणून कमरेला, पाठीला, मांडीला हात देणं. या खेळात हात लावल्याशिवाय शिकवता येतच नाही, आणि नेमकी हीच सबब सगळीकडे पुढे केली जाते. म्हणून एका बेसने सांगितलेली खूण लक्षात ठेवा. सपोर्टचा हात बॅलन्स मिळाला की सुटतो. ज्याला काम येतं त्याचा हात झटकन येतो आणि झटकन जातो, मुलीला तो आठवतही नाही. त्या माणसाचा हात सुटत नव्हता. मी खालून बघत होते. मला दिसत होतं.

तिने मला ते लोकलमध्ये सांगितलं. परतीची गाडी, बायकांचा डबा, दोघी दाराशी. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, बॅगेची चेन उघडत होती, लावत होती. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. मी म्हटलं, "स्पर्धा होऊ दे. मग सांगू."

तीन आठवडे तो हात तिथेच होता. स्पर्धा झाली, आम्हाला पदक मिळालं. मग आम्ही मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सपोर्ट देताना हात लागतोच, बाळा." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या आईला बोलावलं आणि सांगितलं की मुलगी आता अंगाने भरायला लागलीय, टॉपला जड पडते, अभ्यासाकडे लक्ष देऊ दे. आईला खरं काय ते घरी कळलं. तिनेही तोच निर्णय घेतला. मुलीला काढून घेतलं. मॅडमनी बदनामी टाळायला घेतला, आईने मायेने घेतला, आणि दोघींचा निर्णय एकच निघाला. मदतनीस पुढे कित्येक वर्षं त्या हॉलमध्ये होता.

ही आपल्याच हॉलमधली दुर्मीळ गोष्ट आहे असं समजू नका. अमेरिकेत लॅरी नासर नावाच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त मुली आणि बाया कोर्टात उभ्या राहून बोलल्या. त्यांच्यातल्या एकीने सांगितलं की १९९७ मध्येच तिने आपल्या बाई प्रशिक्षकांना हे सांगितलं होतं. वीस वर्षं! आपल्याकडे अरुणा रेड्डी, जिने २०१८ मध्ये मेलबर्नच्या विश्वचषकात कांस्यपदक आणलं, तिने २०२२ मध्ये तक्रार केली की तंदुरुस्तीच्या चाचणीत आपलं चित्रीकरण आपल्या संमतीशिवाय झालं. पदक आणणाऱ्या मुलीला हे सांगायला जाहीरपणे उभं राहावं लागतं, तर जिल्हा निवडीत चौथी आलेल्या मुलीने कुणाकडे जायचं?

कुणाकडे जायचं, याचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते आपल्यालाच नीट माहीत नाही. १९९७ चा विशाखा निकाल आपण तोंडपाठ म्हणतो. २०१३ च्या कायद्यावर आपण कार्यशाळा घेतो, बँकेत घेतो, कॉलेजात घेतो. त्याच कायद्यात 'कामाची जागा' म्हणजे काय ते सांगताना क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेचं ठिकाण, सरावाची जागा हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे संकुल, अंधेरीचं शहाजीराजे भोसले संकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी, कांदिवलीचं क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र, आणि शाळेचा भाड्याचा हॉल सुद्धा या व्याख्येत बसतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, जशी बहुतेक वर्गांत असतात, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि त्यात माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. मी तेव्हा सोळाची होते, त्यामुळे तो कायदा तेव्हा असता तरी माझ्यावर काही आलं नसतं. मॅडम सुटल्या नसत्या.

कागदावर इतकं सगळं असूनही मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या, कारण ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी निम्म्यांत कायद्याप्रमाणे तक्रार समितीच नाही अशी बातमी आली होती. राष्ट्रीय पातळीवर ही दशा, तर गल्लीतल्या वर्गाची काय असेल!

काही मैत्रिणी म्हणतात, मूळ दोष त्या तोकड्या कपड्यांचा आहे. मला हे पटत नाही. लिओटार्ड मला आवडायचा, मी त्यात मोकळी असायचे. २०२१ मध्ये जर्मनीच्या मुली युरोपीय स्पर्धेत आणि मग टोकियोला घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या. नियमात तो आधीपासून चालत होता, धार्मिक कारण सोडून तो घालायचा धीर क्वचितच कुणी केला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की काय घालायचं ते आम्ही ठरवू. झाकून घ्या म्हणणारे आणि उघडं घाला म्हणणारे दोघेही मुलीला विचारत नाहीत, त्यामुळे मला ते एकाच घरचे वाटतात.

कारकीर्द म्हणतो ना आपण, तिचं शेवटी काय होतं? खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून पैसा नाही, बातमी नाही. टॉपची कारकीर्द पाळीबरोबर मावळते, बेसची पाठ आणि मनगटं देतील तोवर. मी एकोणिसाव्या वर्षी थांबले ती मणक्यामुळे. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. त्याचं काय झालं? ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंग, म्हणजे आमच्या सख्ख्या शेजारच्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं काढून लोक सरकारी नोकऱ्यांत शिरले. ज्यांनी आयुष्यात कोलांटी मारली नाही ते. खेळ कुणाच्या ओळखीचा नसला की त्याच्या नावावर काहीही खपतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच पाच टक्क्यांत गोविंदांनाही घेण्याची घोषणा विधानसभेत झाली. बारा वर्षं तळहात सोलून घेतलेल्या किती मुलींना त्या कोट्यातून नोकरी लागली, हे विचारायला कुणी उठलं नाही. मल्लखांबाला पहिला अर्जुन पुरस्कार २०२१ चा मिळाला तो हिमानी परब या मुंबईच्या मुलीला, आणि त्या दिवशी मी खरोखर रडले. पण एका मुलीचा पुरस्कार म्हणजे बाकीच्यांची सोय नव्हे.

एवढं सगळं असून मी म्हणते, मुलीला काढू नका. कारण मला त्या खेळाने जे दिलं ते दुसऱ्या कुठेही मिळालं नसतं. बाईच्या अंगात एवढं बळ असतं हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, मी ते वर उचलून पाहिलं. कुणाचा तरी जीव आपल्या हातांवर आहे आणि आपण तो टाकणार नाही, हे अंगाला कळणं म्हणजे काय ते मी अजून शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या टॉपला ते तेराव्या वर्षाआधीच तोडून काढावं लागलं. तिने काहीच केलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती मला मुलुंड स्टेशनवर भेटली. एका ऑफिसात हिशेब बघते. वडापाव खाल्ला, दोन-दोन. जुन्या गोष्टी निघाल्या. मी इतक्या वर्षांनी माफी मागितली, लोकलमधल्या त्या वाक्याची. तिने ती घेतली की नाही मला कळलं नाही. तिने विचारलं ते वेगळंच : "मी गेल्यावर तुझ्यावर कोण चढलं?"

एक नऊ वर्षांची मुलगी, मी सांगितलं. चोवीस किलो.

"आणि सपोर्टला तोच?"

तोच होता. मी तेव्हाही काही बोलले नव्हते.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी एका हॉलमध्ये लहान मुलींना शिकवते. आमच्याकडे वजनकाटा नाही. आयांसाठी बाक आहे आणि दार उघडं असतं. नवी उडी शिकवण्याआधी मुलीला सांगते की हात कुठे लागेल, किती वेळ लागेल, आणि तिला नको असेल तर तिने काय म्हणायचं. दोन आयांनी तक्रार केली की बाई पोरींना उद्धट करतात. करते आहे.

पण हे एका हॉलचं झालं. मुंबई उपनगर जिल्ह्याची स्थानिक समिती कुणाकुणाची आहे, ती क्रीडावर्गांपर्यंत कधी गेली का, हे विचारणारं पत्र मी वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत देणार आहे. एकटीच्या सहीने जायचं नाही. ज्यांच्या मुली कुठल्याही खेळाला जातात त्यांनी आपल्या वर्गात तक्रार समितीचा फलक आहे का ते बघून यावं, नसेल तर वर्गाचा पत्ता घेऊन यावं. बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चार वाजता, अंधेरीला, नेहमीच्या जागी. आणि त्या दिवशी चपला शोधता शोधता बोललेल्या मैत्रिणीला खास निरोप : मुलीला घेऊन ये. तिला विचारू, तिला काय हवंय.